खिशातला कांदा काढायचा कसा

उन्हाळ्यात नागपूरकर खिशात कांदा घेऊन फिरतो, याची बाहेरगावच्या पाहुण्यांना गंमत वाटते. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नाही. मी तर कनिष्ठ महाविद्यालयात एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि त्यातली पंचवीसेक वर्षं हा कांदा नेमकं काय काम करतो ते फळ्यावर लिहून समजावलं. कांद्यात गंधकाची संयुगं असतात, ती झटकन उडून जातात, उडताना उष्णता ओढून घेतात, म्हणून अंगाभोवतीची हवा थंड राहते. पोट्टे वहीत उतरवून घ्यायचे. पेपरात यायचं नाही, पण घरी जाऊन आजीला सांगायचे, आणि आजी म्हणायची, "पाय, मी सांगत होती नं!"

२०१३ च्या मे महिन्यात, २३ तारखेला शहराचा पारा ४७.९ वर गेला होता. त्याच आठवड्यात भाचीच्या लग्नाचं कापड घ्यायला मी भर दुपारी दीड वाजता स्कूटीवर इतवारीला निघाले. डोक्याला दुपट्टा, अंगात सनकोट, पर्समध्ये कांदा. पाण्याची बाटली मात्र भरून ओट्यावरच राहिली. परत येताना सेंट्रल अव्हेन्यूवर डोळ्यांपुढे सगळं पिवळं व्हायला लागलं. स्कूटी कडेला लावली आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले, एवढंच आठवतं.

शुद्ध आली तेव्हा हाताला सलाइन होतं आणि समोर माझाच एक जुना विद्यार्थी डॉक्टरच्या कोटात उभा होता. "मॅडम, तुम्ही? तुम्हाला ऊन लागलं?"

मी त्याला काय म्हणाले असेन? पाणी दे, घरी कळव, स्कूटी कुठे आहे, यातलं काहीच नाही. मी म्हणाले, "कांदा पर्समध्ये होता रे. खिशात असता तर लागलं नसतं."

तो हसला. "माझ्या गाडीत पण असतो, मॅडम. तुम्हीच सांगितलं होतं अकरावीत. आता आई ठेवते, मी काढत नाही."

जुनी समजूत कशी सोडायची ते इथे सांगणार आहे, आणि ते हुशार माणसांसाठी आहे. साध्या माणसाला पर्स आणि खिसा यातला फरक शुद्धीवर येताच सुचला नसता. तो म्हणाला असता, कांदा होता तरी लागलं बाप्पा, म्हणजे काही खरं नाही त्याचं. मला ते म्हणायला आणखी चौदा महिने लागले.

आधी घरातला वकील ओळखा

आपली समज अशी की हुशार माणूस न्यायाधीशासारखा विचार करतो. पुरावे येतील, तो तोलेल, निकाल देईल. प्रत्यक्षात त्याच्या डोक्यात एक महागडा वकील बसलेला असतो, आणि अशिलाने काय केलंय हे वकील विचारत नाही. अशिलाला सोडवायचं कसं, एवढंच तो बघतो. बुद्धी जितकी जास्त तितका वकील तयारीचा.

हे मला माहीत नव्हतं असंही नाही. दर वर्षी मी जोसेफ प्रीस्टलीची गोष्ट वर्गात सांगायचे. १७७४ साली या माणसाने भिंगाने ऊन एकवटून पाऱ्याची तांबडी राख तापवली आणि त्यातून निघालेल्या वायूत मेणबत्ती अशी काही भडकून पेटली की तो थक्क झाला. तो ऑक्सिजन होता. पण प्रीस्टली फ्लॉजिस्टनवाला. त्या काळचं मत असं, की जळणाऱ्या वस्तूत फ्लॉजिस्टन नावाचा पदार्थ असतो आणि वस्तू जळते तेव्हा तो बाहेर पडतो. म्हणून त्याने या वायूला नाव दिलं 'फ्लॉजिस्टन काढून घेतलेली हवा'. त्याच वर्षी पॅरिसमध्ये जेवताना त्याने हा प्रयोग लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला सांगितला. लाव्हाझिएने तराजू काढला, वजनं केली, आणि जळणं म्हणजे ऑक्सिजनशी संयोग हे दाखवून दिलं. हळूहळू जवळजवळ सगळे रसायनशास्त्रज्ञ तिकडे गेले. प्रीस्टली गेला नाही. १८०० साली त्याने फ्लॉजिस्टनच्या समर्थनार्थ पुस्तक काढलं आणि १८०४ मध्ये तो वारला, तोही त्याच मतावर. ऑक्सिजन हातात धरलेला माणूस!

मुलांना सगळ्यात मजा यायची ती पुढच्या भागात. धातू जळल्यावर त्याचं वजन वाढतं. फ्लॉजिस्टन बाहेर पडला तर वजन कमी व्हायला हवं ना? यावर त्या पक्षाच्या काहींनी उत्तर काढलं की फ्लॉजिस्टनला उणं वजन असतं. वर्ग खो-खो हसायचा. मीही हसायचे. आणि माझा कांदा पर्समध्ये होता.

आता कृती. आठ दिवस एकच करायचं. कुणी आपल्या आवडत्या मताविरुद्ध काही दाखवलं की आपल्या तोंडून निघणारं पहिलं वाक्य पकडायचं. "तसं नाही नं", "ते वेगळं", "त्यांनी नीट केलं नसेल", "पूर्वीचे कांदे वेगळे होते, आता हायब्रीड आलेत" (हे मी खरंच म्हणाले आहे). उत्तर बरोबर की चूक ते बघायचं नाही, किती लवकर आलं ते बघायचं. ज्या प्रश्नावर विचार करावा लागतो त्याला वेळ लागतो. एका श्वासात आलेलं चोख उत्तर वकिलाचं असतं.

कोणत्या खणात काय ठेवलंय ते बघा

माझ्या बाबतीत लाजेची खरी गोष्ट पुढे आहे. कांदा कापताना डोळ्यांत पाणी का येतं, हा धडा मी तितकीच वर्षं शिकवला. कांद्याच्या पेशीत एक विकर (एन्झाइम) एका बाजूला असतं आणि गंधकाची संयुगं दुसऱ्या बाजूला. सुरी फिरली, पेशी फुटल्या, की दोघांची गाठ पडते आणि डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. म्हणून अख्ख्या कांद्याच्या टोपलीशेजारी बसलात तरी डोळे झोंबत नाहीत.

म्हणजे अख्ख्या कांद्यातून सांगण्याजोगं काही उडतच नाही. खिशातला कांदा अख्खा असतो. उडालंच असतं तरी त्या चिमूटभर वाफेने कांदाच जरासा थंड झाला असता, मी नाही. दोन्ही वाक्यं मी एकाच वर्षात, एकाच वर्गात, कधी कधी एकाच आठवड्यात बोलले आहे. एकाही मुलाने विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. डोक्यात दोन खण होते. एकात शिकलेलं रसायनशास्त्र, दुसऱ्यात घरून आलेलं. मधल्या फळीला भोक नव्हतं.

हे तपासायचं असेल तर स्वतःच्या धंद्यातलं एखादं पक्कं ज्ञान घ्या आणि घरच्या समजुतीला लावून बघा. हिशेबनीसाने आपल्या लकी नंबरला हिशेब लावावा. शिवणकाम करणाऱ्या बाईने 'पूर्वीचं कापडच चांगलं होतं' या वाक्याला आपला हात लावून बघावा. बाहेरच्या तज्ज्ञाचं आपण ऐकत नाही, पण आपल्याच हाताने मोजलेलं खोटं पाडणं जड जातं.

चार खाने

याला वही लागते. मोबाइल नको, मोबाइलमध्ये लिहिलेलं आपण परत बघत नाही.

पानावर अधिक चिन्हासारख्या दोन रेघा मारा, चार खाने होतील. माझ्या वहीत ते असे होते: कांदा होता आणि ऊन लागलं नाही. कांदा होता आणि लागलं. कांदा नव्हता आणि लागलं. कांदा नव्हता आणि लागलं नाही. मग आठवतील तेवढ्या माणसांना या खान्यांत बसवा.

पहिला खाना भरभर भरला. बाबा, मोठे काका, मी स्वतः पंचवीस वर्षं. तिसऱ्यातही दोघंतिघं मिळाले. दुसऱ्यात मी एकटी, तेही नाइलाजाने. चौथा कोराच. खूप वेळ बसले पण कुणी आठवेना. दुसऱ्या दिवशी गोकुळपेठच्या बाजारात गेले तर चौथा खाना रांगेत बसलेला दिसला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत फाटक्या ताडपत्रीखाली भाजी विकणाऱ्या बाया, सायकलरिक्षावाले, चौकातला पोलीस. कांदा विकणाऱ्या बाईला मी विचारलं, "खिशात कांदा ठेवता का हो?" ती म्हणाली, "मले कायले खिशात पाहिजे बाई, पोतंभर समोर हाय." मग म्हणाली, "पानी पेतो. नाहीतर मरून जाऊ." हजारो माणसं कांद्याशिवाय उन्हात काम करतात आणि धडधाकट घरी जातात, हे मी जन्मभर बघत होते. ज्याची गोष्ट होत नाही ते लक्षात राहत नाही, म्हणून चौथा खाना नेहमी कोरा असतो.

येल विद्यापीठातले डॅन कहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ च्या सुमारास नेमका असाच चार आकड्यांचा तक्ता लोकांना दिला होता. काहींना सांगितलं की हे त्वचेच्या मलमाचे आकडे आहेत, काहींना सांगितलं की बंदूकबंदी आणि गुन्ह्यांचे आहेत. आकडे तेच. मलमाच्या तक्त्यात गणितात तरबेज असलेल्यांनी उत्तर बरोबर काढलं, अपेक्षेप्रमाणे. बंदुकीच्या तक्त्यात मात्र त्यांचं गणित आपल्या पक्षाला सोयीचं उत्तर असेल तेव्हा चाललं, नसेल तेव्हा वरवरची नजर टाकून थांबलं. दोन पक्षांच्या उत्तरांतली दरी गणितात कच्च्या असलेल्यांपेक्षा पक्क्यांमध्ये जास्त होती. मी हे वाचलं तेव्हा मला मास्तरकीची एकतीस वर्षं आठवली आणि जरा बसून घ्यावं लागलं.

वहीचा आणखी एक नियम चार्ल्स डार्विनचा आहे. त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, की आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की तो ती तिथल्या तिथे टिपून घ्यायचा, कारण अशा गोष्टी अनुकूल गोष्टींपेक्षा लवकर विसरल्या जातात हे त्याला अनुभवाने कळलं होतं. किती लवकर विसरल्या जातात? ३० मे २०२४ ला नागपुरात एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाली. मी ती बातमी पाच गटांवर टाकली, पुण्याच्या नातेवाइकांना तर खास. मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता, शहरातल्या इतर केंद्रांवर पारा ४४ च्या आसपास होता. हे मी वाचलं. कुठेही टाकलं नाही. दोन दिवसांनी कुणीतरी विचारलं तेव्हा मी सरळ "छप्पन" म्हणून मोकळी. खोटं बोलायचं नव्हतं हो. आमच्या उन्हाचा अभिमान, दुसरं काय.

'नाही' मिळेल असं विचारा

भिशीत आम्ही एकदा हा खेळ खेळलो. पीटर वेसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये लंडनमध्ये केलेला प्रयोग आहे. मी म्हणाले, माझ्या मनात तीन आकड्यांचा एक नियम आहे, २, ४, ६ त्यात बसतात. तुम्ही आणखी त्रिकुटं विचारा, मी हो किंवा नाही म्हणेन, खात्री झाली की नियम सांगा. सगळ्यांनी विचारलं: ८, १०, १२? हो. २०, २२, २४? हो. मग बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या एक ताई ठामपणे म्हणाल्या, "दोन-दोनने वाढणाऱ्या समसंख्या." नाही. नियम एवढाच होता, की आकडे चढत जायला हवेत. १, २, ३ किंवा ५, ९, १०० कुणी विचारलंच नाही. ९, ४, १ तर अजिबात नाही, कारण 'नाही' ऐकायला कुणाला आवडतं?

तेव्हा आपल्या मताबद्दल एक ओळ लिहून ठेवायची: अमुक दिसलं तर मी हे सोडेन. ती ओळ लिहिता येत नसेल, काहीही दिसलं तरी सोडणार नाही असं उत्तर येत असेल, तर मग ते मत कशाला तरी बांधलेलं आहे. तिथून खरं काम सुरू होतं.

खुंटीवर काय टांगलंय?

वरचं सगळं करूनही माझा कांदा सुटला नव्हता. २०१४ च्या उन्हाळ्यात वहीतले खाने भरलेले, धडा समोर, आणि बाहेर पडताना हात आपोआप कांद्याच्या टोपलीकडे. एकदा मुद्दाम न घेता निघाले तर कोपऱ्यावरून परत आले. भीती वाटली का? नाही. वाईट वाटलं. कुणाला तरी फसवल्यासारखं.

माझे वडील रेल्वेत मालगाडीवर गार्ड होते, नागपूर-इटारसी लाइनवर. आम्ही अजनीच्या क्वार्टरमध्ये वाढलो. मे महिन्यात लोखंडी ब्रेकव्हॅनमध्ये बसून ते घाट चढायचे. ड्यूटीला निघताना आई त्यांच्या खाकी शर्टाच्या खिशात कांदा घालायची आणि खिशाची गुंडी लावायची. बाबांना कधी ऊन लागलं नाही. ही आमच्या घरातली कथा होती. कांदा खोटा म्हटलं तर आईचा तो हात खोटा आणि बाबांची हुशारी खोटी, असं काहीसं माझ्या आत गुंतलं होतं. मी रसायनशास्त्र शिकले ते बहुधा त्या कांद्याची बाजू घ्यायलाच.

भिंतीतली खुंटी उपटायची असेल तर आधी तिच्यावरचे कपडे उतरवून ठेवावे लागतात. वाद घालणारे नेमकं हेच करत नाहीत. ते सरळ खुंटीला हात घालतात आणि समोरचा कपडे सावरायला धावतो. म्हणून समजुतीला 'खरी की खोटी' विचारायच्या आधी विचारा: हिच्यावर काय टांगलंय? ही गेली तर कोण खोटं पडेल? कोणत्या ओळीत मला उभं राहता येणार नाही? बहुतेक वेळा उत्तर एखाद्या माणसाचं नाव असतं. कधी जात, कधी गाव, कधी आपलं पंचवीस वर्षांचं शिकवणं.

मग ते कपडे टांगायला दुसरी खुंटी शोधा. माझ्यासाठी ती धाकट्या भावाने शोधली, तीही नकळत. राखीला आला होता, जेवताना विषय निघाला. तो म्हणाला, "ताई, बाबांची छागल आठवते का तुला?" छागल म्हणजे कॅनव्हासची पाण्याची पिशवी. बाहेरून पाझरत राहते, वारा लागला की आतलं पाणी गार होतं. बाबा ती ब्रेकव्हॅनच्या दांडीला बांधायचे. "पूर्ण छागल संपवत होते ते आमल्याच्या आत. तिथे परत भरायचे. आणि आईचं आंबील घेतल्याशिवाय निघत होते का कधी?"

मी हातातला घास तसाच ठेवला. आंबिलात ताक आणि मीठ असतंच. भरपूर पाणी, मीठ, डोक्याला ओला गमछा. घाम येत राहायला पाणी लागतं, आणि अंगावरचा घाम उडतो तेव्हा तो खरोखर अंगातली उष्णता घेऊन जातो. मी कांद्याला चिकटवलेलं बाष्पीभवन त्यांच्या कातडीवर आणि त्या छागलीवर चाललं होतं. बाबा हुशारच होते. आई तर आणखी. फक्त श्रेय भलत्याला गेलं होतं. त्या दिवसानंतर कांद्याकडे हात गेला नाही, आणि एकदाही वाईट वाटलं नाही.

(कांदा खायला माझी हरकत नाही. कैरी घालून तर नाहीच नाही.)

दुसऱ्याचा कांदा काढताना

जमलं तर काढू नका. पण राहवत नसेल तर माझी चूक आधी ऐका.

आमच्या शेजारचे काकाजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनीअर. नागपुरातला झीरो माइलचा दगड म्हणजे भारताचा बरोबर मध्य, यावर त्यांचं प्रेम. कोजागरीला गच्चीवर तीस माणसांसमोर, दूध आटत असताना, मी मोबाइलवर नकाशा काढला. "काकाजी, आजच्या भारताचा मध्य मध्य प्रदेशात कटनी जिल्ह्यात करौंदीला मानतात." वीस मिनिटं त्यांनी मला धुतलं. संतरे मध्यभागीच का पिकतात इथपर्यंत गाडी गेली. त्या दिवशी ते झीरो माइलचे दुप्पट भक्त झाले, आणि चूक माझी होती. तीस माणसांत मत बदलायचं म्हणजे तीस जणांच्या देखत खाली बसायचं. कोण बसेल?

हिवाळ्यात एकदा सकाळी फिरून येताना मी म्हणाले, "काकाजी, तर्री-पोहे खाऊ, आणि जरा झीरो माइलला थांबू. त्या दगडावर काय लिहिलंय ते मला नीट समजत नाही." चार घोडे, खांब, खांबावर चांदा, सिवनी, छिंदवाडा, बैतुल, हैदराबाद अशा गावांची अंतरं. काकाजी वाकले, चष्मा वर केला. "जीटीएस स्टँडर्ड बेंच मार्क, १९०७." जीटीएस म्हणजे इंग्रजांनी केलेलं देशाचं मोठं सर्वेक्षण. पुढे समुद्रसपाटीपासूनची उंची, १०२०.१७१ फूट. ते बराच वेळ तसेच उभे. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "बेंच मार्क म्हणजे उंचीचा असतो. आम्ही प्रत्येक कालव्यावर लेव्हल लावायच्या आधी हाच शोधत होतो." तीस वर्षं बेंच मार्कवर काम केलेला माणूस! तेच दोन खण.

मी काही बोलले नाही. हे सगळ्यात अवघड काम आहे, आणि मास्तरणीला तर फारच. गाडीत बसताना ते म्हणाले, "पण मॅडम, इंग्रजांच्या वेळचा हिंदुस्थान धरला तर..." मी म्हणाले, "असेल, काकाजी." माणसाला परत यायला मागचं दार लागतं. ते लावून घेतलं की तो पुढच्या दारात लढत बसतो. आता ते पाहुण्यांना झीरो माइल दाखवतात तेव्हा सर्वेक्षणाची गोष्ट सांगतात, आणि ती केंद्राच्या गोष्टीपेक्षा जास्त रंगते. जणू पहिल्यापासून तीच सांगत होते. मीही तसंच धरून चालते.

घाई

मी लक्ष्मीनगरात राहते. दसऱ्याला दीक्षाभूमीकडे जाणारी माणसं रात्रभर आमच्या रस्त्याने चालत असतात. १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केलं, की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. धम्मदीक्षा झाली ती १४ ऑक्टोबर १९५६ ला, इथे. मधे एकवीस वर्षं. कांद्याशी त्याची बरोबरी करायची नाही, एवढी अक्कल मला आहे. पण तरुणपणी मी रोज त्या मैदानावरून कॉलेजला जायचे आणि हा हिशेब कधी केला नव्हता. सोडायचं हे ठरणं वेगळं आणि कुठे जायचं हे ठरणं वेगळं. त्या काळातल्या सगळ्यात शिकलेल्या माणसांपैकी एकाने दुसऱ्या प्रश्नाला एकवीस वर्षं दिली, आणि आपण समोरच्याकडून एका व्हॉट्सअॅप संदेशात निकाल मागतो.

तेव्हा वही एका बैठकीत भरू नका. बेंजामिन फ्रँकलिनने १७७२ मध्ये एका मित्राला पत्रातून हीच युक्ती सांगितली होती: कागदाच्या दोन बाजू करायच्या, तीन-चार दिवस सुचतील तशी दोन्हीकडची कारणं लिहीत जायची, मग सारख्या वजनाची समोरासमोर खोडायची. ते मित्र म्हणजे आमचे प्रीस्टलीच. नोकरी घ्यावी की नाही हे ठरवायला त्यांना ती हवी होती. फ्लॉजिस्टनसाठी त्यांनी कागद घेतला असता तर?

तोंडाने म्हणणं

शेवटी कुणाला तरी सांगावं लागतं, नाहीतर समजूत मागच्या दाराने परत येते. माझी भीती अशी, की ज्यांना शिकवलं ते काय म्हणतील. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अकरावीच्या वर्गात मी तो धडा पुन्हा घेतला. भाषण तयार केलं होतं, माफी, विज्ञान, प्रामाणिकपणा वगैरे. वर्गात उभी राहिल्यावर एवढंच म्हटलं, "खिशातल्या कांद्याबद्दल मी पूर्वी वेगळं सांगत होते. आता मी ते मानत नाही. का, ते बघू." आणि फळ्यावर पेशी काढली.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, हे पेपरात येते का?"

एवढंच झालं. छोटं वाक्य ठेवा. 'मी चुकले' हे मोठं आहे, ते उचलताना आपण स्वतःवरच खूश होतो. 'आता मानत नाही' हे उचलायला हलकं असतं. डॉक्टर झालेल्या त्या मुलालाही मी फोन करून सांगितलं. म्हणाला, "आईला तुम्हीच सांगा, मॅडम."

वही अजून चालू आहे. सध्याच्या पानावर वरच्या ओळीत लिहिलंय: 'लग्न झाल्यापासून मुलगा कामाशिवाय फोन करत नाही.' खुंटीवर काय आहे ते मला माहीत आहे, ते इथे लिहीत नाही. चार खाने आखून सहा महिने झाले. पहिला गच्च भरला होता, दुसरा कोरा. परवा त्यात पहिली नोंद केली: मंगळवार, रात्री ९.४०. पुण्याहून. काही काम नव्हतं. दोघं मिळून गोळाभात करत होते, गोळे फुटून राहिले म्हणाला, तू डाळ किती जाड ठेवतेस?